बरणीतलं पाणी

पेशींमधलं संदेशवहन हा धडा मी शिकवत असे तेव्हा वर्ग हमखास पेंगायचा. यवतमाळातलं आमचं ज्युनिअर कॉलेज, दुपारचा तास, वर तापलेले पत्रे, आणि मी फळ्यावर एक गोल काढून त्याच्या कडेवर बारीक खुंट्या काढायची. या खुंट्या म्हणजे ग्राही. बाहेरून हार्मोन येतं, खुंटीवर बसतं, निरोप आत जातो आणि पेशी कामाला लागते. वाढ म्हटलं की वाढते, थांब म्हटलं की थांबते. लिहून घ्या रे, दोन मार्कांना येतं. ही पोरं पास व्हावीत यापलीकडे माझ्याही लेखी त्या खुंट्यांना काही किंमत नव्हती. मग एक दिवस त्या खुंट्या माझ्याच अंगावर निघाल्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात सकाळी पेपर उघडायचीसुद्धा भीती वाटायची. वर्गात एखादं बाक रिकामं दिसलं तर मी कारण विचारणं सोडून दिलं होतं, कारण बाजूचं पोर खाली बघून 'गावाले गेला' म्हणायचं. अशा दिवसांत आंघोळ करताना माझ्या डाव्या छातीत बोटांना गाठ लागली. चिंचोक्याएवढी, टणक, दाबलं तरी न दुखणारी. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? भीती नाही, राग. एवढी मोठमोठी मरणं चाललेली असताना हिला आताच निघायचं होतं!

यवतमाळच्या सर्जननी जाड सुई घालून गाठीचा दोऱ्याएवढा तुकडा काढला आणि गावातल्याच तपासणीवाल्या डॉक्टरांकडे पाठवला. कॅन्सर निघाला. सर्जननी हे वाक्य इतकं सहज उच्चारलं की मी 'बरं' म्हणाले, पर्स उचलली आणि दारापर्यंत चालत गेले. मागे वळून पाहिलं तर माझे यजमान खुर्चीतच बसलेले. पाटबंधारे खात्यातला हा माणूस, साहेबानं आवाज चढवला तरी फाइल नीट बंद करून मगच उत्तर देणारा. त्या दिवशी त्यांना उठताच येईना. मी परत गेले आणि त्यांना दंडाला धरून उठवलं.

ऑपरेशन ठरलं ते नेमकं पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला. माझ्या यजमानांची धाकटी बहीण केळापूरकडच्या एका खेड्यात दिलेली. वयानं माझ्याहून लहान, पण नणंद, म्हणून मी तिला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते. तिच्या घरी कपाशी आणि एक बैलजोडी. लग्न झाल्यापासून खांदमळणीला बैलांच्या खांद्यांना तूप-हळद तिनंच लावलेली. दुसऱ्या कोणी लावली तर बैल मान फिरवतो असं ती ठासून सांगायची. ती त्या वर्षी बैलांना नवऱ्याच्या भरवशावर टाकून सकाळच्या एसटीनं यवतमाळला आली. माझ्या घरची चूल बंद राहू नये म्हणून आली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकल्यावर तिच्याविषयी कोणाचाही चटकन गैरसमज होईल. माझाही झाला.

ऑपरेशन झालं. मी गुंगीत होते, तेव्हा वॉर्डातल्या कोणीतरी माझ्या यजमानांच्या हाती एक प्लॅस्टिकची बरणी दिली. आत माझा काढलेला स्तन आणि गाठ, वर फॉर्मालिन. 'हे नागपूरला नेऊन द्या, तिथं तपासतील,' एवढंच सांगितलं. त्या काळी आमच्याकडे अशीच पद्धत होती, पेशंटचा तुकडा पेशंटच्याच नातेवाइकानं पिशवीत घालून एसटीनं न्यायचा. पण दुसऱ्या दिवशी पोळा आणि त्याच्या पुढच्या दिवशी नागपुरात तान्ह्या पोळ्याची सुट्टी. तपासणी केंद्र दोन्ही दिवस बंद. म्हणून बरणी दोन दिवसांसाठी आमच्या घरी आली. यजमानांनी ती पिशवी तोंड फिरवूनच आणली, मोरीच्या कोपऱ्यात ठेवली आणि बहिणीला सांगितलं, 'हात लावू नको.' तिसऱ्या दिवशी तशीच तोंड फिरवून नागपूरला नेऊन दिली. बरणीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना पाहवलंच नसतं.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघं नागपूरच्या कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. हळू बोलणारा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारा माणूस. मी जीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. त्यांनी कागदावर एक गोल काढला. त्याच्या कडेवर बारीक खुंट्या काढल्या. मी त्या कागदाकडे पाहतच राहिले. तो माझा फळा होता.

ते सांगत होते ते असं. स्तनाच्या पेशींना वाढीचा निरोप मुख्यतः बाईच्या दोन हार्मोनांकडून मिळतो. गाठीच्या पेशींवर त्या हार्मोनांच्या खुंट्या असतील तर गाठ त्या निरोपावर पोसलेली आहे असं समजायचं, आणि मग तो निरोप अडवणारी एक साधी गोळी मिळते. रोज एक, पाच वर्षं. याशिवाय एक तिसरी खुंटी असते, ती वाढीच्या दुसऱ्या निरोपाची. ती फार असली तर तिच्यावर नेम धरणारं इंजेक्शन आहे. गाठीवर कोणती खुंटी आहे ते कळलं की औषधाला नेम धरता येतो.

'माझ्या गाठीवर कोणती?'

'तिन्ही नाहीत,' ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. केमो देऊ, सगळीकडे पसरणारी, बऱ्यावाईट सगळ्याच पेशींवर पडणारी. त्यानंतर मात्र बघत राहायचं. नेम धरायला काही नाही. इतकी वर्षं मी फळ्यावर काढलेल्या खुंट्या, आणि माझ्या गाठीवर नेम धरायला एकही नाही! परतीच्या एसटीत यजमान कळंबला तिथल्या चिंतामणी गणपतीसाठी हात जोडून बराच वेळ बसले. मी खिडकीबाहेर बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला देवाचाही रागच आला होता.

केमो झाली. लालभडक औषध हातातून आत जायचं आणि दोन दिवस तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव राहायची. केस गेले, भुवया गेल्या. ताई दर वेळी यायची. येताना अंबाडीची भाजी आणायची आणि मी ती ओकायची, तरी पुढच्या वेळी पुन्हा आणायची. एकदा तिनं माझ्या गुळगुळीत डोक्यावर तेल चोळता चोळता विचारलं, 'वयनी, यानं बरं होते ना पूर्रं?' मी चिडलेलीच होते. म्हटलं, 'कोणाला ठाऊक. इतरांना गोळी तरी असते. माझ्यासाठी गोळीच नाही, ताई. माझ्या गाठीवर कुठलंच औषध धरत नाही.' तिचा हात थांबला. मग ती पुन्हा चोळू लागली.

वर्ष फिरून पुन्हा पोळा आला. डोक्यावर बोटभर केस आले होते, बाळाच्या जावळासारखे मऊ. घराबाहेर पडायची हौस आली होती. म्हणून खांदमळणीला आम्ही दोघं ताईच्या गावी गेलो. दुपारी आम्ही नणंद-भावजय सैपाकघराच्या दाराशी बसून दुसऱ्या दिवशीच्या पुरणासाठी चण्याची डाळ निवडत होतो. तिचा नवरा सकाळीच कपाशीवर फवारून आला होता. फवाऱ्याचा पंप त्यानं नेहमीसारखा ओसरीत, आमच्या पाठीशी आणून टेकवला. तो तिखट वास नाकात शिरला आणि ताई भडकली.

'अवो, उचला ते तिथून! कितींदा सांगतलं घरात आनू नोका म्हनून!'

तिच्या भडकण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारचा माणूस असाच फवारून घरी आला, अंग न धुता जेवायला बसला आणि ताटावरच आडवा झाला. तो वाचला नाही. त्याच्या बायकोला सावरायला ताईच धावली होती. तेव्हापासून डोळे चुरचुरवणारा कुठलाही वास आला की ती आधी दारं उघडते आणि मग विचार करते. पंप बाहेर गेला तरी ती पदरानं नाक पुसत बसली होती. मग डाळीतला खडा वेचून अंगणात भिरकावत म्हणाली,

'अस्साच वास होता वयनी, तुमच्या त्या बरनीले.'

'कोणत्या बरणीला?'

'दवाखान्यातून आनली होती ना दादानं, तुमची. मोरीत ठेवली होती. झाकन सैल होतं, साऱ्या घरात वास सुटला. डोये असे चुरचुरले! मी तं भेलीच. म्हटलं, कोन्या मुर्दाडानं माह्या वयनीचं मांस जहरात बुडवून ठेवलं?'

माझे हात डाळीतच राहिले.

'मग?' मी विचारलं.

'मंग काय. फेकून देल्लं ते पानी. साफ धुतलं, हलक्या हातानं, बाळाचं अंग धुते ना तसं. पानी उकळून थंड केलं, मीठ टाकलं, त्याच्यात ठेवलं. मिठाच्या पान्यात जखम बी चांगली राह्यते. दादाले नाही सांगतलं. तो म्हने हात लावू नोको. पन तुमची वस्तू, मले राह्यवलं नाही.'

हे सगळं ती अभिमानानं सांगत होती. मी तिला शाबासकी देईन असंच तिला वाटत असणार.

माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कपाटात बेडूक आहेत. काचेच्या बरण्यांत, फॉर्मालिनमध्ये. मी नोकरीला लागले तेव्हा होते ते आजही तसेच आहेत, डोळ्यांसकट. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्या बरण्यांतलं फॉर्मालिन मी स्वतः बघते, कमी झालं असेल तर भरते आणि प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला दम देते की झाकण सैल राहिलं तर याद राख. पाणी घातलं तर काय होतं ते मला माहीत आहे. आतल्या आत सडतं. बाहेरून आकार तसाच दिसतो, पण पेशींवरचं जे नाजूक असतं ते पहिल्यांदा जातं. खुंट्या पहिल्यांदा जातात. भादव्याच्या तोंडचा तो दमट उकाडा, दोन दिवस मोरीतलं मिठाचं पाणी. बेडकांची एवढी काळजी घेणारी मी, आणि माझा स्वतःचा तुकडा असा सडला.

मला शुद्ध बोलायचं सुचेना. राग आला की माझी माहेरची भाषा बाहेर येते.

'काहून केलं, ताई? कोनाले इचारून केलं?'

माझा आवाज ऐकून यजमान ओसरीवरून आत आले. ताई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. 'काय झालं? धुतलं तं काय झालं?' मला तिथं बसवेना. मी उठले आणि घरामागच्या कपाशीत जाऊन उभी राहिले. कमरेपर्यंत आलेली झाडं, कळ्यांच्या पात्या लागलेल्या. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मी तिला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. मग रडले. मग एकदम लख्ख विचार आला की आपल्याला जे सांगितलं गेलं ते कदाचित खोटं आहे. माझ्या गाठीवर खुंट्या असतीलही! हा विचार आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. एक वर्ष गेलं होतं. गोळीविना एक वर्ष.

संध्याकाळी बैल आणले. ताईनं त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. मी काही सांगितलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर घडलंय एवढं तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवशीची पुरणपोळी आम्ही तिघांनी मान खाली घालून खाल्ली आणि आम्ही दोघं संध्याकाळच्या गाडीनं निघून आलो.

नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

'मिठाच्या पाण्यात?'

'हो.'

'दोन दिवस?'

'हो.'

त्यांनी माझी फाइल उघडून जुना रिपोर्ट पुन्हा वाचला. मग म्हणाले की असे तुकडे त्यांच्याकडे येतात, कोणी स्पिरिटमध्ये आणतो, कोणी नुसत्याच ओल्या फडक्यात. कॅन्सर आहे एवढं त्यावरून कळतं, खुंट्यांची खात्री देता येत नाही. 'बरणीत काय आहे हे आम्ही सांगतो. ते पाणी कशाला आहे हे कोणी सांगतच नाही,' असं म्हणून ते स्वतःवरच चिडल्यासारखे दिसले. मी विचारलं, आता काय? गाठ तर गेली. तपासायला उरलंय काय? तेव्हा त्यांनी विचारलं की ऑपरेशनच्या आधी सुईनं तुकडा घेतला होता का.

घेतला होता! यवतमाळात घेतला होता, दोऱ्याएवढा. तो ताबडतोब फॉर्मालिनमध्ये गेला होता आणि मग मेणाच्या वडीत बसवला गेला होता. त्या वड्या तपासणीवाले बरीच वर्षं जपून ठेवतात हे मला शिकवता शिकवता माहीत असायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. यजमान दुसऱ्याच दिवशी यवतमाळच्या डॉक्टरांकडे गेले. ज्या माणसाला बरणीकडे बघवत नव्हतं तो आता त्यांच्या पाठीमागे उभा राहून खोक्यांमागून खोकी उतरवत होता. वडी सापडली. नखाएवढी, पांढरी, मधे माझा पिवळट दोरा. यजमानांनी ती रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली आणि नागपूरपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

रिपोर्ट ऐकायला मी एकटीच आत गेले. यजमान बाहेर बाकावर बसले, त्यांना पुन्हा उठता येणार नाही अशी भीती वाटत होती.

'दोन्ही हार्मोनांच्या खुंट्या आहेत,' डॉक्टर म्हणाले. 'भरपूर आहेत. तिसरी नाही.'

मी हसले की रडले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांना विचारलं, एका वर्षानं काय फरक पडतो? ते म्हणाले, पडला असेल किंवा नसेल, हे सांगता येत नाही, आजपासून गोळी सुरू करू. शिवाय एक गोष्ट त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली. गोळीनं निरोपाची एक वाट बंद होते, पण काही गाठी हट्टी असतात, त्या कालांतरानं दुसरी वाट काढतात. म्हणून तपासणीला येत राहायचं. ही गोष्ट मला पुस्तकाशिवाय कळली. कपाशीचा शेंडा खुडला की झाड गप्प बसत नाही, खालच्या बगलांमधून फांद्या फोडतं. शेंडा आहे तोवर तोच खालच्या कोंबांच्या डोळ्यांना 'थांबा' असा निरोप देत असतो. वाढीला एकच दार असतं असं मानून चालत नाही, हे केळापूरकडच्या कोणत्याही शेतात दिसतं.

त्या दिवशी दुपारी जेवल्यावर मी पहिली गोळी घेतली. एवढीशी, पांढरी. तिच्याकडे बघून मला हसू आलं आणि मग ताईची आठवण येऊन परत राग आला.

ताई दिवाळीला आली नाही. कापसाचा पहिला वेचा आटोपल्यावर, थंडी पडल्यावर आली. कानात कापसाचे बोळे, डोक्याला शाल. आल्या आल्या चहा न घेता म्हणाली, 'आता सांगा वयनी. दादा सांगत नाही. मी काय केलं?'

मी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती समोर बसली, हात मांडीवर ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकायला बसतात तशी. मग मी सांगितलं. तिच्याशी खुंट्यांची भाषा नको वाटली. म्हटलं, पेशीला कान असतात असं समजा. अंगातून आवाज येतो, वाढ, वाढ. माझ्या गाठीला तो आवाज ऐकायचे कान होते. त्या कानांत घालायला गोळी असते, तुम्ही थंडीत कानात कापसाचा बोळा घालता ना तशी. आवाज येतो, पण गाठीला ऐकू येत नाही. गाठीला कान आहेत की नाही हे त्या बरणीतल्या तुकड्यावरून बघायचं होतं. ते चुरचुरणारं पाणी कान शाबूत ठेवायला होतं. ते गेलं आणि कान सडले. म्हणून डॉक्टर म्हणाले, कान नाहीत, गोळी नाही.

'मनजे मी फेकलं म्हनून तुमाले गोयी भेटली नाही.'

'हो,' मी म्हणाले. खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं. 'पण आता मिळाली. दुसरा तुकडा होता. आता मी रोज घेते.'

तिनं कानातले बोळे काढले आणि मुठीत धरले. रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. उठली, खोलीचं दार लावून घेतलं, परत आली, माझा हात धरला आणि पोलक्याच्या आत, उजव्या बाजूला, नेऊन ठेवला.

'मंग हे पाहा,' ती म्हणाली.

माझ्या बोटांखाली गाठ होती. सुपारीहून मोठी. काखेत अजून एक. मी हात मागे घ्यायला गेले, पण तिनं तो दाबून धरला होता.

'केव्हापासून?'

'तुमचे केस गेलते ना, तवापासून.'

'ताई! बोलल्या काहून नाही?' माझा आवाज चढला होता, पण मला ते भान नव्हतं. 'माझ्या डोक्याला तेल लावत होत्या, माझं ओकलेलं उचलत होत्या, तेव्हा हे अंगात होतं?'

'बोलून काय होनार होतं?' ती शांतपणे म्हणाली. 'तुमीच सांगतलं, गोयी नाही म्हनून. इतकं शिकलेल्या मास्तरनीले गोयी नाही, तं मले कुठून भेटेन? उगी तुमच्या दोघाच्या जिवाले घोर.'

मी तिला जवळ घेतलं. तिनं बरणीतलं पाणी फेकलं म्हणून मला खोटं उत्तर मिळालं, ते खोटं उत्तर मी चिडून तिला ऐकवलं, आणि ते ऐकून ती वर्षभर गाठ अंगात घेऊन गप्प राहिली. माझा तिच्यावरचा सगळा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. आता मी तिच्या त्या गाठीला घाबरले होते, माझ्या गाठीला कधी घाबरले नव्हते एवढी.

त्याच आठवड्यात आमच्या सर्जननी सुई घालून तिचा तुकडा काढला. छोट्या बाटलीत फॉर्मालिन, त्यात पांढरे दोरे. बाटली घ्यायला यजमानांनी हात पुढे केला, तर ताई म्हणाली, 'मले द्या.' दुसऱ्या सकाळी आम्ही नागपूरच्या एसटीत बसलो. बाटलीचं झाकण घट्ट होतं, तरी थोडा वास येतच होता. तिनं ती मांडीवर, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, द्या इकडे, डोळे चुरचुरतील. तिनं मान हलवली. कळंब आलं. गाडीतल्या सगळ्यांनी चिंतामणीसाठी हात जोडले, यजमानांनी जोडले, त्या दिवशी मीही जोडले. तिनं नुसती मान झुकवली. हात बाटलीवरून काढले नाहीत.

तपासणी केंद्राच्या खिडकीशी एक तरुण मुलगी बसली होती. ताईनं बाटली तिच्यापुढे ठेवली, पण बोटं सोडली नाहीत.

'पोरी,' ती म्हणाली, 'वास येते म्हनून यातलं पानी कोनाले फेकू देजो नोको. माह्या गाठीले कान असन तं त्याच्यातच हायेत.'